मूषकनाथाची पुरचुंडी

त्या सकाळी सावळवाडीच्या शाळेत एकही पोर फिरकलं नाही. सगळी पोरं बिभीषणच्या रानात होती. त्यांच्या पाठोपाठ आईबाप आणि म्हातारेकोतारेही तिथंच लोटले होते. बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून काही जण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले आणि काही लिंबाच्या फांद्यांवर जाऊन बसले. ज्वारी हुरड्याला आली होती. अशा दिवसांत उभ्या पिकात माणूस सोडा, परकं कुत्रं शिरलं तरी शेतकरी दगड घेऊन धावतो. पण आज बिभीषण स्वतःच "या, या, म्होरं या" करत सगळ्यांना आत घेत होता. त्याच्या रानातल्या उंदरांनी रात्रीत समाधी घेतली होती. आता त्यांचं दर्शन व्हायचं होतं.

शाळेच्या बाई विजयमाला रिकाम्या वर्गाला कुलूप लावून रानाकडे आल्या. गावची सून आणि गावचीच मास्तरीण, त्यामुळे गर्दीनं वाट करून दिली. पण ती मनापासून नव्हे. या बाईला सगळ्यात खोडा घालायची सवय आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदा उंदरांनी खरोखरच उच्छाद मांडला होता. भरल्या कणसांची ताटं बुंध्यापाशी तोडून पाडायची आणि दाणे बिळात ओढायचे, असा त्यांचा रोजचा धंदा. पूर्वी हुरड्याच्या तोंडावर गावची तरणी पोरं कुत्री घेऊन रानोमाळ हिंडायची. बिळाच्या एका तोंडात गवऱ्यांचा धूर कोंडायचा, दुसऱ्या तोंडाशी काठी घेऊन बसायचं, आणि आठवडाभरात शिवार मोकळं व्हायचं. तो घामाचा उद्योग आता कुणालाच नको होता. ‘सगळ्यांनी एकाच दिवशी सापळे लावा, पिकात घुबडांना बसायला आडव्या काठीचे खांब रोवा,’ असं विजयमालाने ग्रामसभेत सांगून पाहिलं होतं. घुबडाचं नाव निघताच अर्धी सभा उठून गेली होती. आणि नेमका अशा वेळी पिकअप गाडीतून मूषकनाथ महाराज अवतरले.

"उंदीर मारू नका!" महाराज आत्ताही ट्रॉलीजवळ उभे राहून गरजत होते. अंगावर भगवी कफनी, कपाळाला शेंदूर, गळ्यात जाडजूड मफलर. "त्यो गणरायाचं वाहन हाय. तुमची मोटारसायकल कुणी फोडली, तर तुमी गप बसाल का?"

"न्हाय!" गर्दी ओरडली.

"मग देव बसंल का?"

"न्हाय!"

"म्हणून मी मारत न्हाय. मी त्येला रजा देतो! देवाघरनं बोलावणं आलंय, येवढंच कानात सांगतो. त्यो हात जोडतो आन् जातो. कुटं जातो?"

"देवाघरी!"

देवानं एवढ्या वाहनांची सोय कुठं केली असेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आदल्या संध्याकाळी महाराजांनी बिळाबिळांत करड्या राखेची एकेक पुरचुंडी टाकली होती, वरून कमंडलूतलं तीर्थ ओतलं होतं आणि चिखलानं तोंडं लिंपली होती. ते करताना शिष्यांनी गुग्गुळ आणि धुपाचा असा लोट उठवला होता की, गर्दीचे डोळे चुरचुरले. महाराजांनी स्वतः मफलरचे दोन वेढे नाकातोंडावर आवळून घेतले होते. मंत्राची वाफ सांडू नये म्हणून, असं शिष्यांनी समजावलं होतं.

आता शिष्यांनी बिळं उकरली. एकेका बिळातून उंदीर निघू लागले, ताठ आणि थंडगार, काही एकमेकांवर चढलेले. बायकांनी हात जोडले. एका म्हातारीनं उंदरांवर हळदकुंकू टाकलं.

विजयमालाने वाकून पाहिलं. "महाराज, समाधी घेतलेल्याच्या तोंडाला फेस येतो का?"

महाराज हसले. "बाई, प्राण उल्टा चालला की असं हुतं. तुमच्या शाळंच्या पुस्तकात हे न्हाय."

"पुरचुंडीत काय आहे?"

"राख! नुसती राख. शक्ती राखंत न्हाय, मंत्रात हाय. मंत्र काढून घितला, तर ही राख आन् तुमच्या चुलीतली राख एकच. पर गाठ सोडून बघायची न्हाय. गाठ सुटली की मंत्र उडाला!"

मंत्राला एवढी उडायची घाई का, असं विचारायला विजयमालाने तोंड उघडलं, पण तोवर ट्रॉलीवरून कुणीतरी ओरडलं, "बाई, तुमी पाढे शिकवा!" आणि सगळं रान हसलं. त्यात तिच्या वर्गातली पोरंही हसली. हा माणूस खोटारडा आहे, हे तिला कळत होतं. खोटं नेमकं कुठं आहे, ते मात्र सापडत नव्हतं. उंदीर तर खरेच मेले होते.

*

महाराजांचा मुक्काम मारुतीच्या देवळात पडला. रानं झाली, आता घरं. घरातल्या धान्याच्या राखणीसाठी पुरचुंड्या मिळू लागल्या. नियम असा की, पुरचुंडी धान्याच्या खोलीत आढ्याला टांगायची, वर तीर्थ शिंपडायचं, दार लावून घ्यायचं आणि तीन दिवस त्या खोलीत माणसानं पाऊल टाकायचं नाही. देवाची वर्दळ असते. घरातलं उंदराचं औषध उकिरड्यावर आणि सापळे ओढ्यात टाकायचे. दक्षिणा मुळीच नाही. भक्तानं आपखुशीनं ज्वारीचं पोतं आणलं, तर मात्र देवाचं मन मोडायचं नाही. पिकअप गाडी पोत्यांनी भरत चालली.

विजयमालाची सासू म्हाळसाबाई एक दिवस पदराखाली पुरचुंडी घेऊन आली. सासूला आत्या म्हणायची घरातली रीत.

"आत्या, हे काय आणलंत?"

"रागावू नगं. पोत्यांची चाळण झालीया. काल उंदीर नंदूच्या उशाशी आला हुता. पोरीचा कान कुरतडला म्हंजी?"

नंदू म्हणजे राजनंदिनी, विजयमालाची एकुलती एक लेक, चौथीत. ती आजीच्या मागूनच आली होती. "मम्मी, लावू दे ना! मला उंदराची भीती वाटते."

विजयमालाने नवऱ्याकडे पाहिलं. शहाजी पायरीवर बसून बूट काढत होता. "राहू दे की," तो म्हणाला. "गाव एकीकडं आन् आपण एकीकडं. रोज वाद नको."

ती दमली होती. शाळेत पोरं तिला "बाई, मूषकनाथ महाराज की…" म्हणून चिडवू लागली होती. शेजारणी हळदीकुंकवाला बोलावताना अडखळत होत्या. सासू मायेची होती. नंदूला तळहातावरच्या फोडासारखं जपायची. त्या म्हातारीशी आणखी किती भांडायचं?

"राखच ती," विजयमाला हसून म्हणाली. "लटकू दे. राखेनं काय होतंय?"

म्हाळसाबाईनं सगळे नियम तंतोतंत पाळले. धान्याच्या खोलीचं दार लावलं, खालच्या फटीत गोणपाट कोंबलं. शेजारच्या खोलीत ती आणि नंदू झोपायच्या. पौषाची थंडी होती, म्हणून खिडकी गच्च बंद. पण मधली भिंत पत्र्यापर्यंत गेलेली नव्हती. वर हात जाईल एवढी फट होती. जुन्या घरात ती असतेच, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

पहाटे म्हातारी डोकं जड झालं म्हणून उठली आणि ओट्यावर वाऱ्याला येऊन बसली. उजाडल्यावर आतून नंदूची हाक आली.

"मम्मी, पोटात आग होतीये."

पोर ओकत होती. विजयमालाने तिला उचललं, तर अंग गार आणि घामानं भिजलेलं. रात्री वांग्याची भाजी बाधली असेल, असं आधी वाटलं. लिंबूपाणी दिलं, तेही उलटलं. "छातीवर कुणी बसलंय," असं नंदू म्हणाली, तेव्हा शहाजी अनवाणीच शेजाऱ्याची जीप आणायला धावला. मोडनिंबच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि एकच सांगितलं, "इथं थांबू नका. सोलापूर गाठा."

महामार्गावर नंदूचं डोकं विजयमालाच्या मांडीवर होतं. समोरच्या सीटवर म्हाळसाबाई ओकाऱ्या दाबत ‘मूषकनाथा, मूषकनाथा’ असा जप करत होती.

"मम्मी, शाळेला उशीर होईल."

"आज सुट्टी आहे, बाळा."

"कशाची?"

विजयमालाने तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. नंदूनं पुन्हा विचारलं नाही.

*

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनी ड्यूटीवर होत्या. वयानं तरुण, बोलायला तुटक. नंदूला आत नेलं, नळ्या जोडल्या, माणसं धावू लागली. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या आणि त्यांनी आधी म्हातारीला तपासलं. मग विचारलं, "घरात धान्याला कुठली गोळी ठेवली होती?"

"गोळी?" शहाजीला समजेना.

"धान्याला कीड लागू नये म्हणून किंवा उंदरासाठी. औषध. विष."

म्हाळसाबाईनं मान ताठ केली. "आमच्या घरात ईख न्हाय, डॉक्टरीणबाई. आमी व्रताची माणसं. औषध, सापळं, समदं भाईर टाकलंय."

"कसलं व्रत?"

म्हातारीनं भक्तिभावानं सगळं सांगितलं. करडी राख, गाठ, तीर्थ, बंद दार, तीन दिवस माणसानं आत न जाणं. डॉक्टर ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा बदलत होता. विजयमाला तो चेहराच पाहत होती.

"त्या खोलीतून वास येत होता का? लसणासारखा, कुजका?"

"धुपाचाच येत हुता," म्हातारी म्हणाली. मग अडखळली. "पहाटं यायला लागला हुता. मी म्हनलं, भाजीचा आसंल."

डॉक्टरांनी विजयमालाला बाजूला घेतलं. "पुरचुंडी तपासल्याशिवाय मी लिहून देणार नाही. पण लक्षणं तीच आहेत. मोठ्या गोदामांत धान्याला विषारी गोळ्या घालतात. ओल लागली की त्यातून वायू सुटतो. गोदामाला टाळं लावून तीन-चार दिवस माणसाला आत सोडत नाहीत. त्या गोळीची पूड राखेत मिसळली की ती राखच दिसते."

"उतारा?"

"त्याच्यावर उतारा नाही, ताई. आम्ही हृदय चालू ठेवायचा प्रयत्न करतोय."

प्रयत्न दुपारपर्यंत चालला. नंदू गेली तेव्हा तिचा हात आईच्या हातात होता, पण तो नेमका कधी सैल झाला, ते आईला कळलं नाही. शहाजीनं भिंतीवर डोकं आपटलं. म्हाळसाबाई जागच्या जागी बसली. तिच्या तोंडून जप नाही की रडणं नाही. विजयमाला लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारत राहिली, जणू शाळेला पाठवायचं आहे.

डॉक्टर प्रियदर्शनी जवळ आल्या. "मला माफ करा, आत्ता विचारतेय. अशा पुरचुंड्या गावात आणखी कुणाकडे आहेत?"

विजयमालाने वर पाहिलं. "घरोघरी आहेत."

शहाजीनं सरपंचाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की, बातमी कळली, लई वाईट झालं. पण महाराज म्हणतात, बाईंनी रानात चेष्टा केली, म्हणून मूषकराजा कोपला. आता जो पुरचुंडी काढील, त्याच्या घरावर कोप होईल. कुणी काढायला तयार नाही. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, पण माढ्याहून माणसं निघून गावात पोचायला वेळ लागणार होता. शवविच्छेदनाला तर त्याहून जास्त.

"तू जा," शहाजी म्हणाला. तो नंदूच्या अंगावरची चादर सारखी करत म्हणाला, "मी हितं थांबतो तिच्यापाशी. एकटी न्हाय ठेवत."

विजयमालाने लेकीच्या हाताचा मुका घेतला आणि ती उठली.

*

देवळापुढं अख्खं गाव जमलं होतं. जीपमधून विजयमाला उतरली, तशी कुजबूज थांबली. सकाळच्याच साडीवर नंदूच्या उलटीचे डाग होते. काही बायका हुंदका देत पुढं आल्या. तिनं त्यांना हातानं थांबवलं.

"मला भेटायला नंतर या. आधी घरी जा. खिडक्या-दारं उघडा, माणसं बाहेर काढा आणि ती पुरचुंडी उघड्या रानात नेऊन टाका. तोंडाला फडकं बांधा. त्यात विष आहे."

कुणी हललं नाही. देवळाच्या कट्ट्यावरून महाराजांचा आवाज आला, मधासारखा. "पोरगी गेली, माय. दुक्कानं बुद्धी फिरती. देव तुमास्नी माफ करंल. पर नेम मोडला आसंल…"

"एकही नेम मोडला नाही," विजयमाला म्हणाली. "सासूबाईंनी दार लावलं, तीर्थ शिंपडलं. आत कुणी पाऊल टाकलं नाही. सगळं तुमच्या म्हणण्याप्रमाणे केलं, म्हणूनच माझी लेक गेली."

"राखेनं कुणी मरत न्हाय. शक्ती मंत्राची…"

"मग मंत्राचीच परीक्षा घेऊ. आत्ता. इथं."

ती शाळेकडे गेली आणि प्रयोगाच्या कपाटातून काचेच्या दोन रुंद बरण्या घेऊन आली. आता उंदीर हवे होते. सापळे तर सगळ्यांनी ओढ्यात टाकले होते. किराणा दुकानदार निंगप्पा मान खाली घालून उभा होता. मूळचा अक्कलकोटकडचा, सगळ्यांच्या आधी वाजतगाजत पिंजरे ओढ्यात टाकणारा तोच. तो चाचरत म्हणाला, "बाई, एक पिंजरा राहिलाय माझ्याकडं. दुकानात साखर असते, काय करणार? आज दोन सापडलेत."

एरवी गाव हसलं असतं. आज कुणी हसलं नाही.

दोन्ही उंदीर दोन बरण्यांत सोडले. एकीत विजयमालाने देवळामागच्या चुलीतली राख फडक्यात बांधून टाकली. "महाराज, ही चुलीतली राख. तुम्हीच म्हणालात, दोन्ही राखा एकच. हिच्यावर तुमचा सगळ्यांत मोठा मंत्र म्हणा. जोरात म्हणा."

मग ती गर्दीकडे वळली. "मला एक पुरचुंडी द्या."

बिभीषणनं बंडीच्या खिशात हात घातला. त्याला घरी टांगायला आजच मिळाली होती. त्यानं ती कट्ट्यावर ठेवली. विजयमालाने नाकाला पदर गुंडाळला, सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं, पुरचुंडीवर महाराजांच्याच कमंडलूतलं तीर्थ शिंपडलं आणि ती दुसऱ्या बरणीत टाकून झाकण लावलं. "हिच्यावर कुणीही मंत्र म्हणायचा नाही."

महाराजांना माघार घेता येईना. त्यांनी डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. आधी हळू, मग मोठ्यानं, मग घाम फुटेपर्यंत. शिष्यांनी टाळ वाजवले. चुलीच्या राखेचा उंदीर मागच्या पायांवर बसून मिशा पुसू लागला. देवाघरचं बोलावणं त्याला ऐकूच गेलं नसावं.

दुसऱ्या बरणीतला उंदीर आधी काचेवर पाय खरडत होता. मग फेऱ्या घालू लागला. मग त्याचे पाय लटपटले. तो कुशीवर पडला आणि तोंड उघडून श्वास ओढू लागला. मंत्र थांबला, मग टाळही थांबले.

विजयमाला त्या उंदराकडे पाहू शकली नाही. असाच श्वास तिनं सकाळपासून ऐकला होता.

गर्दीतून एकदम किंकाळी आली. तानाबाई! "आगं माजे बाय! माजी लेक बाळातीन हाय! खोलीतच हाय! धान्याच्याच खोलीत!"

"खोलीत माणूस ठेवायचं नव्हतं ना?" कुणीतरी ओरडलं.

"दुसरी खोली कुटं हाय मला? आजच टांगली! दोन घटका झाल्या आसतील!"

विजयमाला तिच्यामागं धावली. तिच्यामागं अर्धं गाव धावलं. तानाबाईच्या घराचं दार बाहेरून कुणीतरी लाथेनंच उघडलं. आत शेगडी, बंद खिडकी, खाटेवर ग्लानीत पडलेली पोरगी आणि तिच्या कुशीत गुंडाळलेलं बाळ. विजयमालाने श्वास रोखून बाळ उचललं आणि अंगणात आणलं. मागून दोघातिघांनी खाटेसकट बाळंतिणीला बाहेर काढलं. उघड्या हवेत आल्यावर बाळानं क्षणभर काहीच केलं नाही. मग तोंड वासलं आणि टाहो फोडला.

तो टाहो ऐकून सगळ्या अंगणानं श्वास सोडला. विजयमालाने बाळ तानाबाईच्या हाती दिलं, मायलेकरांना जीपमध्ये घालून दवाखान्याकडे पाठवलं, आणि मग मात्र तिथंच भिंतीला टेकून बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. दिवसभरात पहिल्यांदाच.

गावात घराघरांची दारं धडाधड उघडत होती. फडकी बांधलेली माणसं काठीच्या टोकाला पुरचुंड्या अडकवून माळाकडे पळत होती. काल ज्या गाठीला हात लावायची छाती नव्हती, ती आज चिमट्यानं धरून नेत होते.

महाराज तेवढ्यात पिकअपकडे सरकले होते. पण गाडीपुढं बिभीषण आडवा उभा राहिला. त्यानंच महाराजांना गावात आणलं होतं. त्यानं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. विचारलं एवढंच, "रानात पुरचुंड्या टाकताना तुमी तोंडाला मफलर का गुंडाळत हुता?"

"मंत्राची वाफ…"

"आन् खोलीत तीन दीस कुणी जायचं न्हाय, ते कशापायी? खरं सांगा. पोरगी गेलीया."

महाराजांचा चेहरा उतरला. आवाजातला देव निघून गेला; उरला एक घाबरलेला माणूस. "येवढं हुईल असं वाटलं न्हवतं," तो पुटपुटला. "दार लावायला सांगितलं हुतं मी."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्या क्षणी कळलं. पोलीस आले, त्यांनी गाडीत पोत्यांखाली दडवलेले गोळ्यांचे डबे काढले. पुढं चौकशीत बाहेर आलं की, हा गृहस्थ साधू होण्याआधी गोदामांत औषध मारणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होता. मूषकनाथाची सगळी सिद्धी त्या डब्यांत होती. धूप वास लपवायला, तीर्थ वायू सुटायला, नियम स्वतःची कातडी वाचवायला.

*

शवविच्छेदन झाल्यावर नंदूला गावी आणलं. सगळं गाव मसणवट्यापर्यंत आलं. तिच्या वर्गातली पोरं एकमेकांचे हात धरून उभी होती. चिडवणारीही त्यातच होती.

त्यानंतर म्हाळसाबाईनं अन्न सोडल्यासारखं केलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शहाजी आईशी बोलत नव्हता. बोलायला गेला की अर्ध्यातूनच बाहेर निघून जायचा. विजयमालालाही पहिले काही दिवस त्या खोलीत जाववत नव्हतं. एकदा ती ताट घेऊन गेली, तेव्हा म्हातारीनं पाठमोरीनंच विचारलं, "मीच मारली का गं तिला?"

विजयमाला खाली बसली. नाही म्हणून टाकणं सोपं होतं. पण तेही खोटंच झालं असतं, आणि खोट्यानं या घराची आधीच पुरेशी राख केली होती.

"आत्या, तुम्ही विश्वासानं बांधलीत. मी हसून बांधू दिली. गाठ दोघींपैकी एकीनंही सोडून बघितली नाही. पण आपल्याला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं."

म्हातारी वळली. तिनं सुनेच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि नंदू गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून न आलेलं पाणी तेव्हा आलं. बाहेर दारात शहाजी उभा होता. तो आत आला आणि आईच्या पायाशी बसला.

दहाव्याचा विधी आटोपल्यावर माणसं निघायला लागली, तेव्हा विजयमाला उठली. लोकांना वाटलं, बाई आता दोन शब्द सांगतील. पण तिच्याआधी मागून म्हाळसाबाई भिंतीला धरून पुढं आली. आयुष्यात चार माणसांत ती कधी बोलली नव्हती.

"मला ल्ह्याय-वाचाय येत न्हाय," ती म्हणाली. "पर इचाराय येत हुतं की. तोंड हुतं मला. ह्यात काय हाय, तुमी तोंड का बांदता, माणसानं आत का जायचं न्हाय, येवढं इचाराय किती वेळ लागला असता? माज्या सुनंनं इचारलं, तवा मीबी तिला हसले."

ती थांबली. धाप लागली होती. समोर बिभीषण खाली पाहत होता. निंगप्पा डोळे पुसत होता. तानाबाई नातवाला छातीशी धरून ओट्याच्या कडेला बसली होती. मायलेकरं दवाखान्यातून सुखरूप परतली होती.

"उंद्या दुसरा कुणी येईल. त्येचं नाव येगळं आसंल. हळद आणंल, न्हायतर पानी आणंल, न्हायतर दोरा आणंल. त्येला हात जोडायच्या आदी इचारा. त्यो रागावला, तर समजा खोटं हाय. देव आसंल तर त्यो इचारल्यावर रागावनार न्हाय. आन् रागावलाच, तर आसला देव आपल्याला नगं."

म्हातारी खाली बसली. बिभीषण उठला आणि म्हणाला, "उंद्या सकाळी समद्यांनी सापळं आन् फावडी घिऊन माज्या रानात या. उंदीर हायेत अजून. आपणच हाकलू." आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माणसं आली. बिळाच्या तोंडाशी गवऱ्यांचा धूर कोंडून, काठ्या घेऊन कामाला लागली.